पुराची खूण कोणी सांगायची?



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर पुराचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. हा विषय अभियंत्यांचा आणि महसूल खात्याचा आहे, हे खरेच. पण त्याची एक बाजू आठवणीची आणि बोलण्याची आहे. पाणी कुठवर आले होते हे कोणाला तरी आठवत असते, आणि ज्याला ते कळायला हवे त्याच्यापर्यंत ते कोणी तरी पोचवावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आपली घराणी पिढ्यानपिढ्या राहत आली. ही आठवण आपल्यापाशी आहे. ती आपल्या घरची खासगी ठेव नव्हे, ती सांगणे ही आपली जबाबदारी आहे, एवढाच आजच्या विवेचनाचा मुद्दा. तिथवर पोचण्यासाठी आधी नद्या, मग पूररेषा आणि शेवटी माणसे, अशा क्रमाने जाऊ.

पाणी येते कुठून

आपल्या भागात पाऊस एकीकडे पडतो आणि पूर दुसरीकडे येतो. निपाणीत उघडीप असते, लोक छत्र्या मिटून बाजारात फिरत असतात, आणि वेदगंगा मात्र पात्राबाहेर पडलेली असते. तिचे पाणी भुदरगड तालुक्यातून, पाटगावच्या बाजूने येते. दूधगंगाही सह्याद्रीतून येते. तिच्यावर राधानगरी तालुक्यात काळम्मावाडीचे धरण आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा हा संयुक्त प्रकल्प, साठवण सुमारे २५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते, संकेश्वरावरून जाते आणि घटप्रभेला मिळते. मार्कंडेय बैलूरच्या बाजूच्या डोंगरातून निघते, राकसकोपच्या जलाशयातून बेळगावची तहान भागवते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा. म्हणजे आपल्या साऱ्या नद्या घाटमाथ्याच्या लेकी आहेत. माहेरी जोराचा पाऊस झाला की त्याचा परिणाम सासरी दिसतो, आणि तो दिसेपर्यंत मध्ये काही तास मिळतात. त्या तासांचे आपण काय करतो, हा पुढचा प्रश्न.

दुसरी गोष्ट फुगवट्याची. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि ती पुढे कल्लोळ-येडूरच्या परिसरात कृष्णेला मिळते. तिथे पोचलेली कृष्णा कोयना, वारणा आणि पंचगंगा यांचे पाणी पोटात घेऊन आलेली असते. मोठ्या नदीचीच पातळी चढलेली असली की उपनदीला पुढे वाट मिळत नाही. तिचे पाणी जागीच तुंबते आणि मागे मागे पसरत जाते. म्हणून कधी कधी पाऊस थांबलेला असतो, वरच्या धरणाचे दरवाजेही बंद झालेले असतात, तरी सदलगा, भोज, कारदगा या बाजूच्या शिवारांतले पाणी उतरत नाही. साहित्य संमेलनामुळे आपल्याला परिचित असलेले कारदगा पावसाळ्यात दुसऱ्याच कारणाने बातमीत येते: कारदगा-भोज बंधारा पाण्याखाली गेला. त्याच्याबरोबर कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ ही नावे दर वर्षी वर्तमानपत्रात एका ओळीत येतात. आपल्याला ती यादी इतकी सवयीची झाली आहे की ती आपण वाचत नाही, नुसती पाहतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये ही यादी फार लांबली. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी आल्याने पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला. तिकडे शिरोलीजवळ पंचगंगेने तोच मार्ग अडवला. संकेश्वरात हिरण्यकेशी आणि गोकाकात घटप्रभा वस्तीत शिरली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. लोक म्हणाले, असे पुन्हा शंभर वर्षे होणार नाही. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, त्याच बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेले आणि यमगर्णीजवळचा महामार्ग पुन्हा बंद झाला.

बेळगाव शहराची तऱ्हा निराळी. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरच्या या गावातून मोठी नदी वाहत नाही, म्हणून पुराशी आपला संबंध नाही असे शहरातल्या माणसाला वाटते. पण शहराचे पाणी बळ्ळारी नाल्यासारख्या नाल्यांतून जाते. नाल्यात गाळ आणि जलपर्णी साचली, काठावर भराव पडले, की शहापूर, वडगाव, अनगोळ शिवारातली भाते पाण्याखाली जातात. उताराच्या वस्त्यांत पाणी शिरते ते त्याच कारणाने. नदीचा पूर दिवसांनी येतो, नाल्याचा पूर तासाभरात येतो. त्याची पूर्वसूचना देणारे धरणही वर नसते.

रेषा आणि तिचे गणित

महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याने नद्यांच्या काठी दोन रेषा ठरवण्याची पद्धत घातली आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर जाते ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध, म्हणजे तिथे घर बांधायचे नाही. निळ्या आणि लाल रेषांमधला भाग नियंत्रित, म्हणजे तिथे अटी पाळून बांधायचे. केंद्र सरकारने १९७५ साली अशा विभागणीच्या कायद्याचा नमुना सर्व राज्यांना पाठवला होता. मणिपूरसारख्या मोजक्या राज्यांनी त्यावरून कायदा केला. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यांत नाहीत. आपल्या सीमाभागाच्या दोन्ही अंगांना हीच स्थिती आहे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटते, पूर २०१९ ला येऊन गेला, आता आपली पाळी संपली. नदी अशी पाळी लावत नाही. त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही.

हे गणित घराच्या आयुष्याला लावून पाहा. निळ्या रेषेवरच्या घरात यंदा पाणी न येण्याची शक्यता पंचवीसात चोवीस. दोन वर्षे लागोपाठ न येण्याची शक्यता काढायची तर तो अपूर्णांक त्यानेच गुणायचा. असे पंचवीस वर्षे करत गेलो तर शेवटी सुमारे ३६ टक्के उरतात. म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता ६४ टक्के. आता लाल रेषेवरचे घर घ्या. तीस वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एकापेक्षा थोडी जास्त. घरासाठी बँकेचे कर्ज पंधरा-वीस वर्षांचे असते, आणि घर आपण मुलाबाळांसाठी बांधतो. लग्न जमवताना, जमीन घेताना चारात एक धोका असलेला व्यवहार आपण डोळे मिटून केला नसता. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांच्या आडोशाने मात्र तो होऊन जातो.

धरणांनी दिलेली विस्मृती

पन्नास-साठ वर्षांत वरच्या अंगाला धरणे झाली. कोयनेची साठवण १०५ टीएमसी, वारणेची सुमारे ३४, आणि आपल्या जवळची काळम्मावाडी व पाटगाव. ही धरणे मुख्यतः सिंचनासाठी आणि विजेसाठी बांधली आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती रिकामी असतात, म्हणून जून-जुलैचे लहान पूर ती सहज गिळतात. पण ऑगस्टमध्ये भरत आल्यावर जोराचा पाऊस झाला तर आलेले पाणी पुढे सोडण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. परिणाम असा की लहान पूर नाहीसे झाले आणि मोठे पूर राहिले.

लहान पुरांचा एक उपयोग होता. दर दोन-चार वर्षांनी ते येऊन नदीची हद्द दाखवून जात. ते थांबल्यावर एक पिढी अशी वाढली की जिने आपल्या शिवारात पाणी पाहिलेच नाही. तिच्या लेखी ती जमीन कोरडी, सपाट आणि रस्त्यालगतची झाली, म्हणजे घर बांधायला उत्तम. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकात आपल्या अभ्यासातून हेच मांडले होते. पाऊस माणसाच्या हाती नसतो, पण पुरातले नुकसान बहुतांशी माणसाने कुठे आणि काय बांधले यावर ठरते. संरक्षणाची कामे झाली की त्यांच्या भरवशावर लोक नदीच्या आणखी जवळ सरकतात आणि पुढच्या मोठ्या पुरात पूर्वीपेक्षा अधिक गमावतात. हे त्याने मिसिसिपीच्या देशात लिहिले, पण वेदगंगेच्या काठी ते ताडून पाहता येते.

पुरानंतर आपल्याकडे दोषाची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा अलमट्टीपाशी जाऊन थांबते. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. तिने त्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. अतिवृष्टी, पूरक्षेत्रातली बांधकामे आणि नदीच्या वाटेतले अडथळे यांवर भर दिला. तो निष्कर्ष सर्वांना मान्य झाला असे नाही, आणि अलमट्टीची उंची वाढवण्याच्या प्रस्तावाने वाद पुन्हा पुन्हा उफाळतो. तो तज्ज्ञांनी आणि सरकारांनी लढावा, त्यात आपले हित आहेच. पण त्याचा निकाल कसाही लागला तरी सखल जागेतले घर सखलच राहणार आहे.

पांढरी, मळी आणि नृसिंहवाडी

आपल्या जुन्या गावांची रचना पाहिली तर तिच्यात पुराचे ज्ञान भरलेले दिसते. वस्तीची जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. नदीकाठची गाळाची जमीन ती मळी. तिथे पीक घ्यायचे, पूर आला तर पिकावर पाणी सोडायचे, आणि पाण्याने आणलेल्या गाळाचा फायदा पुढच्या हंगामात घ्यायचा. मळीत खोप असे, गोठाही असे, पण राहते घर क्वचितच. घराचे जोते गल्लीच्या मानाने किती उंच असावे हे गवंडी सांगे, आणि गवंड्याला ते त्याच्या बापाने सांगितलेले असे.

या शहाणपणाचा सर्वांत ठळक नमुना नृसिंहवाडीला आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरून तिथली वारी चुकत नाही. कृष्णेचे पाणी चढले की ते दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या प्रवाहात स्नान करायला भाविक धावतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. पाणी उतरले की देव परत. देव नदीशी भांडत नाही, आणि मूर्ती हलवायची वेळ झाली हे ठरवायला कोणी शेवटच्या घटकेची वाट पाहत नाही. ठरलेली पातळी, ठरलेली जागा, ठरलेली माणसे. आपल्या घरांसाठी अशी व्यवस्था आपण केलेली नाही.

काठावरच्या शेतीचे स्वरूपही बदलले आहे. ऊस शेतात वर्षभर उभा असतो, म्हणून पुराच्या दिवसांत तो सापडतोच. शेंड्यात पाणी आणि गाळ जाऊन राहिला की सुरळी कुजते, बाजूने पांगशा फुटतात, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. हा तोटा शेतकऱ्याला ठाऊक असतो आणि तो हिशेबात धरून ऊस लावतो. शेतीतला धोका असा जाणूनबुजून पत्करता येतो. राहत्या घराचा धोका मात्र बहुधा न जाणता पत्करलेला असतो.

जबाबदारी कोणाची आणि किती

‘नदीकाठी राहता कशाला?’ असा प्रश्न पुरानंतर सहज विचारला जातो. तो सर्वांना सरसकट विचारणे अन्यायाचे आहे. काठावर राहणारी माणसे निदान तीन प्रकारची आहेत.

पहिला पिढीजात गावकरी. त्याचे गाव शेकडो वर्षे तिथे आहे, शेत तिथे आहे, देवही तिथे आहे. त्याने जागा निवडली नाही, जागेने त्याला घडवले. गाव हलवणे सोपे नसते, हे कर्नाटकाने पाहिले आहे. ऑक्टोबर २००९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने ‘आसरे’ योजनेखाली दात्यांच्या मदतीने नव्या वसाहती बांधल्या. घर मिळूनही अनेक कुटुंबे जुन्या गावातच राहिली, कारण शेत लांब पडत होते आणि नव्या घरापुढे जनावरे बांधायला जागा नव्हती. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे, पण शेतकऱ्याचे घर म्हणजे चार खोल्या नव्हेत, हे योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे होते. या गावकऱ्याची जबाबदारी वेळेवर निघण्याची आहे.

दुसरा गरीब माणूस. तो नाल्याकाठी राहतो, कारण तिथेच भाडे परवडते किंवा तिथेच जागा स्वस्त मिळते. त्याला उंचावरची जागा घेता आली असती तर त्याने घेतली असती. ज्याच्यापुढे पर्यायच नव्हते त्याला निवडीचा दोष देता येत नाही. त्याच्यासाठी जबाबदारी नगरपालिकेवर, सरकारवर आणि त्याला खोली भाड्याने देणाऱ्यावर येते.

तिसरा तो, ज्याला माहीत आहे आणि ज्याच्यापुढे पर्यायही आहेत. कोणी मळीच्या जमिनीचे गुंठे पाडून विकतो, कोणी नाल्यात भराव टाकून कुंपण पुढे सरकवतो, कोणी स्वस्त मिळते म्हणून समजून-उमजून घेतो आणि पुढे नुकसानभरपाईच्या रांगेत उभा राहतो. जबाबदारीचे माप दोन गोष्टींनी ठरते: माहिती किती होती आणि निवडीला वाव किती होता. दोन्ही ज्याच्यापाशी आहेत त्याच्यावर ती सर्वांत जास्त.

मदतीच्या बाबतीत मात्र हे माप लावू नये. पाण्यात सापडलेल्याला आधी बाहेर काढायचे असते. तिथे का राहिलास, हे विचारण्याची ती वेळ नव्हे. २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठी पाच लाख रुपये जाहीर केले, ते योग्यच झाले. पण त्याच जोत्यावर, त्याच उंचीवर घर पुन्हा उभे राहिले तर ती मदत पुढच्या पुराची तयारी ठरते. तो पैसा सर्वांच्या कराचा असतो.

सरकारची जबाबदारी याने कमी होत नाही. रेषा आखणे, ती दगड रोवून गावात दाखवणे, बेकायदा भराव काढणे, नाले साफ ठेवणे, दोन राज्यांच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याची माहिती एकमेकांना वेळेवर देणे, ही कामे कोणाही कुटुंबाला करता येणार नाहीत. ती मागत राहणे हेही नागरिकाचे कर्तव्य आहे.

विकताना काय सांगायचे

इथे आपल्या घराण्यांचा प्रश्न येतो. शहरे वाढली, तसा जुन्या कुटुंबांच्या शिवारांतून लेआउट पडले. घेणारे बरेचसे बाहेरचे: नोकरीनिमित्त आलेले, निवृत्तीनंतर गावाजवळ जागा शोधणारे, खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले. त्यांनी हा भाग एप्रिल-मे महिन्यात पाहिलेला असतो. ओढा त्या वेळी कोरडा असतो. त्यांना विहिरीचे पाणी, रस्ता, शाळा दाखवली जाते. २०१९ ला पाणी कुठवर होते हे कोणी दाखवत नाही.

यात कायदाही बोलतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विकणाऱ्यावर एक बंधन घालते. मालमत्तेतला किंवा तिच्या हक्कातला एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही तो त्याच्या ध्यानात येण्यासारखा नसेल, तर तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असा त्याचा आशय. पुराचे पाणी कुठवर येते ही गोष्ट यात कधी बसेल आणि कधी नाही, हे न्यायालय प्रकरण पाहून ठरवेल. पण कायद्यामागचा विचार आपल्या परिचयाचा आहे. गाय विकताना ती लाथ मारते हे सांगण्याची आपली जुनी रीत आहे, आणि न सांगणाऱ्याला बाजारात नाव ठेवतात. जमिनीच्या व्यवहारातच ही रीत का सोडायची?

सांगितले तर भाव पडेल, ही भीती खरी आहे. त्याचे उत्तर असे की पडलेला भाव हाच त्या जमिनीचा खरा भाव. वरचा फरक धोका लपवल्याने मिळतो आणि तो घेणारा पुढे सव्याज फेडतो. शिवाय सखल जमीन निरुपयोगी नसते. तिथे शेती होते, रोपवाटिका होते, वीटभट्टी उन्हाळ्यात चालते, मुलांचे मैदान होते. तिथे होऊ नये ते एवढेच, की कोणी रात्री निर्धास्त झोपावे.

भाडेकरूच्या बाबतीत तर सांगण्याला काही खर्चही नाही. ‘पावसाळ्यात मीटर बंद करायचा तो इथे, पाणी पायरीला लागले की वरच्या मजल्यावर या’, एवढी दोन वाक्ये पुरतात.

वेळेवर निघणे

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्या माणसांचा यात दोष नव्हता. ती सुरक्षित जागी निघाली होती. त्यातून धडा घ्यायचा तो आपण घ्यावा: वेढा पडल्यावर निघणे हेच मुळी धोक्याचे असते. रस्ता उघडा असतानाच निघालेल्याला बोट लागत नाही.

मग लोक का थांबतात? याची कारणे मूर्खपणाची नसतात. गोठ्यात जनावरे असतात, घरात धान्य असते, अंथरुणावर म्हातारे माणूस असते, आणि ‘२००५ ला पाणी अमुक पायरीपर्यंतच आले होते’ अशी आठवण असते. शेवटचे कारण विशेष जपून वापरायचे आहे. आठवण पाणी कुठवर येऊ शकते हे सांगते. ते त्यापुढे येणार नाही, अशी हमी देत नाही. २००५ च्या खुणेवर विसंबलेल्यांना २०१९ ने फसवले.

जनावरांची सोय आधी ठरली तर निम्मी माणसे आपण होऊन निघतात. उंचावरच्या नातेवाइकाचा किंवा व्याह्यांचा गोठा, आठवड्याची वैरण, जनावरे नेणारी गाडी, हे मे महिन्यातच बोलून ठेवता येते. कर्नाटकात पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला पूर्वी गंजी केंद्र म्हणत, आता काळजी केंद्र म्हणतात. काळजी हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे. तिथे जाणे कमीपणाचे मानू नये.

बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना दुचाकी घालणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे. साधारण फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की खचला आहे, हे वरून दिसत नाही. वाहून जाणारा एकटा जात नाही; त्याला शोधायला दहा जणांना पाण्यात उतरावे लागते. आपला धोका आपल्यापुरताच असतो हा समज इथे खोटा ठरतो.

घराच्या पातळीवर आणखी थोडे. मातीच्या भिंती पाणी असताना टिकतात आणि पाणी उतरल्यावर, भिजून जड झाल्याने, कोसळतात. म्हणून परतण्याची घाई नको. विजेचा मुख्य स्विच आणि गॅस निघतानाच बंद करावा. खरेदीपत्र, उतारा, आधार, पासबुक एका जलरोधक पिशवीत असावे. घराचा विमा आपल्याकडे फार थोडे लोक काढतात. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि तिच्यात पुराचे नुकसान धरलेले आहे. ती उन्हाळ्यात काढायची गोष्ट आहे.

आणि सूचनांची भाषा. काळम्मावाडीच्या आणि पाटगावच्या विसर्गाची बातमी आपल्याला कोल्हापूरकडून मराठीत कळते. इकडच्या जिल्हा प्रशासनाची सूचना कन्नडात येते. भाषेचा आपला लढा वेगळ्या व्यासपीठांवर चालू आहे आणि राहील. पण पाणी चढत असताना दोन्ही भाषा जाणणाऱ्या घरांनी शेजाऱ्याला, मग तो मराठी असो वा कन्नड, त्याच्या भाषेत निरोप पोचवावा. दोन्हीकडची बातमी समजणे ही सीमेवर राहण्याने आपल्याला मिळालेली सोय आहे.

दूरच्या एका गावाची गोष्ट

नेदरलँड्समध्ये १९९५ साली पुराच्या भीतीने सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्या देशाने बांध आणखी उंच करण्याऐवजी नद्यांना काही ठिकाणी जागा परत देण्याचे ठरवले. ओव्हरडीप नावाच्या नदीकाठच्या भागात शेतकरी कुटुंबे होती. ती जमीन पुराला मोकळी करायची असे सरकारने ठरवताच शेतकऱ्यांनी स्वतः योजना मांडली: कडेला मातीचे उंच ओटे बांधा, आमची घरे आणि गोठे त्यांवर न्या, खालची जमीन शेतीला राहू द्या आणि मोठ्या पुरात तिच्यावर पाणी येऊ द्या. सर्वांना जागा पुरणार नव्हती. काही कुटुंबे भरपाई घेऊन दुसरीकडे गेली, बाकीची ओट्यांवर राहिली. सरकारने खर्च केला, पण कोण जाणार आणि कोण राहणार हे शेतकरी आपसात बोलले. ओट्यावर घर आणि खाली गाळाची शेती, ही आपली पांढरी आणि मळीच आहे. फरक इतकाच, की त्यांनी ती विचार करून पुन्हा घडवली आणि आपल्याकडे ती विस्मरणात मोडत चालली आहे.

आपल्या हातचे काम

एवढ्या विवेचनानंतर एक छोटे काम सुचवतो. प्रत्येक गावात, गल्लीत पाणी कुठवर आले होते ते सांगणारी माणसे अजून आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पातळ्या त्यांच्याकडून विचारून घ्याव्यात. दोघा-तिघांचे म्हणणे जुळले की शाळेच्या, मंदिराच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रेघ ओढून वर्ष लिहावे, मराठीत आणि कन्नडात. वाचनालयाने एक वही ठेवावी: तारीख, ठिकाण, पाण्याची पातळी, ते किती दिवसांनी उतरले, कोणता रस्ता आधी बंद झाला. आपल्याकडे घराण्यांच्या वंशावळी आहेत, देवस्थानांच्या बखरी आहेत. पाण्याची वही नाही. ती ठेवायला ना सरकारची परवानगी लागते ना निधी.

अशी रेघ भिंतीवर आली की ती सर्वांना दिसते: घर बांधणाऱ्याला, प्लॉट घेणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला आणि परवानगी देणाऱ्यालाही. मग ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय कोणालाच उरत नाही, आपल्यालाही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगावे, ज्यांना कळले त्यांनी त्याप्रमाणे वागावे. व्यक्तीच्या जबाबदारीचा अर्थ माझ्या मते इतका साधा आहे, आणि पुढच्या ऑगस्टच्या आत तो अमलात आणता येण्यासारखा आहे.